फणीसाठी लागणारा वेळ

माझी लेक तेव्हा तिसरीत होती. शाळेची गाडी यायला वीस मिनिटं उरली होती आणि मी तिची दुसरी वेणी घालत होते. कानामागच्या बटेतून तिळाएवढं काहीतरी सरकलं आणि आतल्या केसांत दिसेनासं झालं. वेणी सोडून मी भांग पाडला. मानेलगत आणि दोन्ही कानांमागे, केसांच्या मुळाशी, पांढुरके ठिपके होते. कोंडा असेल म्हणून एक चिमटीत धरला. कोंडा झटकला की पडतो. हा ठिपका केसाला घट्ट चिकटलेला, दोन नखांत धरून केसाच्या टोकापर्यंत ओढत न्यावा लागला. लीख होती ती, उवेचं अंडं.

माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : "वर्गात कोणाशेजारी बसतेस गं?"

तिने नव्याने आलेल्या मुलीचं नाव सांगितलं. ती तीन आठवड्यांपूर्वी या शाळेत आली होती आणि दोघींची पहिल्याच दिवशी गट्टी जमली होती. मला उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. त्याच दुपारी शाळेच्या फाटकापाशी मी आणखी दोघींना ते सांगितलं, आवाज खाली आणून, काळजीपोटी सांगावं तसं. आठवड्याच्या आत त्या मुलीला शेवटच्या बाकावर एकटं बसवलं गेलं. हे माझ्या बोलण्यामुळे झालं. पुढचं सगळं लिहिताना ते मला वगळायचं नाही.

पहिल्या दहा दिवसांत मी जे केलं त्यातलं बरंचसं चुकलं. १ टक्का परमेथ्रिन या उवा मारणाऱ्या औषधाचं लोशन आणलं. कंडिशनर मिसळलेल्या शाम्पूने केस धुऊन त्यावर ते लावलं, दहा मिनिटं ठेवलं, धुतलं. दुसऱ्या दिवशी वास जाईना म्हणून पुन्हा डोक्यावरून न्हाऊ घातलं. बाटलीसोबतचा बारीक अक्षरांतला कागद मी नंतर वाचला. औषधाआधी कंडिशनर वापरायचं नसतं आणि नंतर एक-दोन दिवस केस धुवायचे नसतात. केसांवर मागे राहिलेलं औषध पुढेही काम करत असतं, ते मीच धुऊन टाकलं होतं.

त्याच दोन दिवसांत घर उलथंपालथं केलं. चादरी, उशा, पडदे, गालिचा, कापडी बाहुल्या. रात्री एकपर्यंत मी धुणं वाळत घालत होते. डोक्यावरून खाली पडलेली ऊ रक्त न मिळाल्यामुळे एक-दोन दिवसांत मरते आणि लिखेला उबायला टाळूजवळची ऊब लागते, हे माहीत असतं तर मी मागच्या दोन दिवसांत वापरलेल्या उशीचे अभ्रे, टॉवेल आणि कंगवे तेवढे कडक गरम पाण्यातून काढले असते आणि उरलेला वेळ लेकीच्या डोक्याला दिला असता. पडदे धुताना मला काहीतरी केल्याचं समाधान मिळत होतं. उवा मात्र डोक्यातच होत्या.

सहाव्या दिवशी पुन्हा एक ऊ दिसली. मी पुन्हा औषध लावलं. तीन दिवसांनी आणखी एकदा. लेकीची टाळू लाल झाली, मानेवर पुरळ आलं, आणि ती आरशासमोरून जाताना डोकं खाली घालून जायला लागली. नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी फोनवर रॉकेल चोळायला सांगितलं. खरं सांगायचं तर मी तेव्हा इतकी थकले होते की क्षणभर तोही विचार केला. रॉकेलने कातडी भाजते, ते श्वासात गेलं तर फुफ्फुसांना इजा होते आणि जवळपास आग असेल तर मूल पेटू शकतं. हा उपाय कोणी सांगितलाच तर कृपा करून ऐकू नका.

दुसऱ्या दिवशी मी तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी चिठ्ठी लिहायला न घेता आधी दिवा जवळ ओढला, लेकीच्या केसांना भरपूर कंडिशनर लावलं आणि बारीक दातांची धातूची फणी घेऊन पंधरा मिनिटं स्वतः बसल्या. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या कागदावर पुसायच्या. मला शेजारी उभं करून दाखवत होत्या : ही मोठी झालेली, ही चार-पाच दिवसांची, ही नुकतीच बाहेर आलेली. कंडिशनरने ओल्या केसांत उवांची हालचाल मंदावते, त्या पळत नाहीत, आणि फणी मुळापासून टोकापर्यंत अडकल्याशिवाय जाते. कोरड्या केसांत मी ज्या शोधत होते त्या उजेड पडताच आत सरकत होत्या.

"औषध तीनदा लावलंय हो," मी म्हटलं.

"औषधाला दाद न देणाऱ्या उवा आता बऱ्याच ठिकाणी आहेत," त्या म्हणाल्या. परमेथ्रिन उवेच्या मज्जातंतूंवर काम करतं आणि अनेक देशांतल्या उवांमध्ये नेमका तिथेच बदल झालेला आढळला आहे. शिवाय या औषधाने सगळ्या लिखा मरत नाहीत, म्हणून नऊ-दहा दिवसांनी दुसरा हात द्यावा लागतो. तीन-तीन दिवसांनी लावून कातडी सोलवटण्यापलीकडे काही होत नाही. उवेला गुदमरवणारी डायमेथिकोनसारखी औषधंही आहेत, पण टाळू बरी होईपर्यंत नुसती फणीच चालवायची असं आमचं ठरलं. पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा दिवस. मग सतराव्या दिवशी तपासणी.

हे दिवस असेच का, ते त्यांनी कागदावर काढून दाखवलं. लीख फुटायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. बाहेर आलेलं पिल्लू अंडी घालण्याजोगं व्हायला आणखी नऊ ते बारा दिवस. म्हणजे दर चार दिवसांनी नीट विंचरलं तर नव्याने फुटलेली प्रत्येक ऊ अंडी घालण्याआधीच फणीत सापडते. एक मादी दिवसाला आठ-दहा लिखा घालते आणि महिनाभर जगते, त्यामुळे एक जरी सुटली तरी सगळं पहिल्यापासून. मधला एक दिवस चुकवून चालत नाही.

आणि मग त्यांनी ते सांगितलं ज्याने माझी झोप उडाली. मी विचारलं होतं, हिला खाज कधी सुटली यावरून कोणाकडून आल्या ते कळेल का? त्या म्हणाल्या, पहिल्यांदा उवा होतात तेव्हा खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. खाज ही उवेच्या लाळेची ॲलर्जी आहे, ती शरीराला जडायला वेळ लागतो. तोवर मूल खाजवत नाही, आईला कळत नाही, आणि डोक्याला डोकं लावून खेळणं तर चालूच असतं.

घरी येऊन मी पट्टी घेतली. मादी लीख घालते ती टाळूला अगदी लागून. पुढे केस वाढतो तशी ती केसाबरोबर टाळूपासून दूर जाते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे लिखेचं टाळूपासूनचं अंतर हेच तिचं अंदाजे वय. माझ्या लेकीच्या मानेवरच्या केसांत रिकामी टरफलं दीड सेंटिमीटरवर होती, काही त्याहून लांब. साधारण दीड महिन्यापूर्वीच्या लिखा. नवी मुलगी वर्गात येऊन तेव्हा पाच आठवडेही झाले नव्हते.

माझ्या लेकीला कोणी दिल्या ते त्या पट्टीवरून कळत नव्हतं. कोणी दिल्या नाहीत तेवढं मात्र कळत होतं.

फणीचा पहिला दिवस एक तास चाळीस मिनिटांचा होता. केस ओले करायचे, कंडिशनर चोपडायचं, साध्या कंगव्याने गुंता काढायचा, डोक्याचे चार भाग करून तीन चिमट्यांत बांधायचे, चौथ्यातून बोटभर रुंद बट घ्यायची, फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढायची, कागदावर पुसायची, बघायचं, पुन्हा. एक बट चारही बाजूंनी. मग दुसरी. संपलं की धुवायचं आणि ओल्या केसांतून पुन्हा एकदा सगळं. फणीचे दात ताठ आणि अगदी जवळजवळ हवेत. माझी पहिली प्लॅस्टिकची फणी वाकत होती, तिच्यातून लहान उवा सुटत होत्या. त्या दिवशी कागदावर एकतीस मोजल्या.

लेक मध्येच रडायला लागली. दुखत नव्हतं. "आई, मी घाण आहे का?" असं तिने विचारलं. कोणीतरी वर्गात म्हटलं होतं, कदाचित तिला, कदाचित तिच्या मैत्रिणीला. मी तिला एका फणीची गोष्ट सांगितली. इस्रायलमधल्या लाखीश या प्राचीन नगराच्या जागी एक छोटी हस्तिदंती फणी सापडली आहे, सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची. तिच्या एका बाजूला गुंता काढायचे जाड दात आणि दुसऱ्या बाजूला उवांसाठी बारीक दात. तिच्यावर कनानी, म्हणजे त्या भागातल्या प्राचीन लोकांच्या भाषेतली, अक्षरं कोरलेली आहेत. २०२२ मध्ये त्यांचं वाचन प्रसिद्ध झालं तेव्हा कळलं की केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या फणीने निघून जावोत, एवढीच ती प्रार्थना आहे. हस्तिदंत म्हणजे महागाची वस्तू, ज्याची फणी होती तो गरीब नव्हता, हेही मी सांगितलं. लेक गप्प बसून ऐकत होती. "दाढीत पण?" तिने विचारलं आणि रडणं थांबलं.

घाण हा शब्द मात्र माझ्या डोक्यातून जाईना. डोक्यातल्या उवांचा स्वच्छतेशी संबंध नाही. त्यांना धुतलेले आणि न धुतलेले केस सारखेच. पाण्यात त्या श्वासाची छिद्रं मिटून तासन् तास तग धरतात, त्यामुळे रोज न्हाऊनही जात नाहीत. त्या उडत नाहीत, उड्या मारत नाहीत, फक्त चालतात, एका डोक्याचे केस दुसऱ्या डोक्याला लागले तर. कोणता रोगही पसरवत नाहीत. मग ही घृणा आली कुठून? मला वाटतं ती दुसऱ्याच उवेची आहे. अंगावरची ऊ कपड्यांच्या शिवणींत राहते आणि ज्यांना कपडे बदलायला, धुवायला मिळत नाहीत त्यांना छळते : युद्धातले सैनिक, तुरुंगातले कैदी, निर्वासित. टायफस हा जीवघेणा ताप तिच्यामुळे पसरतो हे शार्ल निकोल या फ्रेंच वैज्ञानिकांनी १९०९ मध्ये दाखवलं, १९२८ चं नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळालं. त्या उवेची भीती आपण आठ वर्षांच्या मुलीच्या वेणीला चिकटवली आहे. खरं तर अंगावरच्या उवेमागेही घाणेरडी माणसं नसतात, बदलायला दुसरा सदरा नसलेली माणसं असतात.

पाचव्या दिवशी नऊ उवा निघाल्या, सगळ्या लहान. त्या संध्याकाळी मी त्या नव्या मुलीच्या आईला फोन केला.

रात्री नऊनंतरच त्या घरी येतात, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्या कामाच्या ठिकाणाबाहेर, जेवणाच्या सुट्टीत भेटलो. मी म्हटलं, माझ्या लेकीला उवा झाल्यात, तुमच्या लेकीचं डोकं मी माझ्या लेकीबरोबरच विंचरून देऊ का? त्यांचा चेहरा लगेच बंद झाला.

"माझी पोर घाणेरडी आहे म्हणून धुवायला नेताय का?"

मी पट्टीची गोष्ट सांगितली. दीड सेंटिमीटर, पाच आठवडे. फाटकापाशी मी काय बोलले होते तेही सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तिचे केस कमरेपर्यंत होते हो. गेल्या रविवारी मीच कापले. कात्री चालवताना ती एकदाही बोलली नाही."

केस कापायची गरज नव्हती. उवा टाळूशी राहतात, केसांची लांबी त्यांना फारशी लागत नाही. लांब केस विंचरायला वेळ जास्त जातो एवढंच, आणि वेळच त्यांच्याकडे नव्हता. तीन मुलं एका बिछान्यावर झोपतात, त्यामुळे एकीच्या उवा काढल्या तरी रात्रीतून दुसऱ्याच्या डोक्यावरून परत येणार. औषधाची एक बाटली त्यांनीही आणली होती आणि तिन्ही मुलांत वाटून लावली होती. एका डोक्याला पुरेल तेवढं औषध तीन डोक्यांना. एकाही डोक्यातल्या उवा मेल्या नाहीत. रात्री घरी आल्यावर त्या झोपलेल्या पोरीच्या उशाशी बसून मोबाइलच्या उजेडात उवा काढायच्या. एका हातात मोबाइल, एका हातात फणी. केस भिजवायची सोय नाही, मूल जागं होईल म्हणून जोरात ओढायची सोय नाही.

मी माझ्या घरातल्या त्या एक तास चाळीस मिनिटांचा विचार करत होते. उजेड, गरम पाणी, बसायला खुर्ची, कंडिशनरची अख्खी बाटली, आणि दुपारी चार ते सहा मोकळी असलेली मी. उवा सगळ्यांना होतात, पण ज्यांच्या घरात हे दोन तास निघत नाहीत त्यांच्याकडे त्या टिकतात. टिकतात म्हणून दिसतात, आणि दिसतात म्हणून नाव त्यांचं होतं. माझ्या लेकीच्या उवा दीड महिना कोणाला दिसल्या नव्हत्या, मलाही नाही.

आमचं ठरलं ते त्यांच्या अटीवर. शाळेच्या दिवशी तिन्ही मुलं माझ्याकडे, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी माझी लेक त्यांच्याकडे. "नुसतं घेणार नाही मी," त्या म्हणाल्या.

चार डोकी एका संध्याकाळी एका बाईने होत नाहीत. नवरा आतापर्यंत दारातून चौकशी करत होता. मी त्याला फणी हातात दिली आणि शेजारी बसवलं. पहिल्या वेळी त्याने घाईघाईने वरवर ओढलं, एकही निघाली नाही. मी त्याच डोक्यातून सात काढून कागदावर ठेवल्या. त्यानंतर तो चांगला विंचरू लागला, माझ्याहून शांतपणे. हे काम बायकांचं का समजलं जातं ते मला अजून कळलेलं नाही. जोर लागत नाही, फक्त एका जागी बसून नीट बघावं लागतं.

वर्गशिक्षिका बाईंना भेटायला मी त्याच आठवड्यात गेले. शाळेत मुलींना रांगेत उभं करून सगळ्यांदेखत डोकी तपासली जात होती आणि ज्यांच्या डोक्यात सापडतील त्यांनी लिखा संपेपर्यंत येऊ नये असा विचार चालू होता. मी डॉक्टरबाईंनी दिलेलं पत्र पुढे केलं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पिडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था गेली अनेक वर्षं सांगते आहे, आणि २०२२ च्या अहवालात तिने पुन्हा सांगितलं आहे, की उवा किंवा लिखा आहेत म्हणून धडधाकट मुलाला शाळेबाहेर ठेवू नये. केसाला चिकटलेल्या लिखांपैकी कितीतरी रिकामी टरफलं असतात. त्यासाठी आठवडाभर अभ्यास बुडवायचा, आणि ज्या आईची रजा कापली जाते तिने ती आणखी कापून घ्यायची. बाईंनी ऐकून घेतलं. त्यांच्यावरही पालकांचा दबाव होता हे मला माहीत होतं, त्यातला एक दबाव मीच आणला होता. मी तो शब्द परत घेतला आणि बाक पूर्ववत करायची विनंती केली. दुसऱ्या दिवशी ती मुलगी तिच्या जागेवर होती.

मग कोणाचंही नाव न घेता साऱ्या वर्गाला एक चिठ्ठी गेली. या शनिवार-रविवारी प्रत्येक घरी ओल्या केसांतून फणी फिरवावी, मुलग्यांच्याही, घरातल्या मोठ्यांच्याही. सापडल्यास चार दिवसांनी पुन्हा. सगळ्यांनी एकाच वेळी केलं तरच उपयोग. अडतीस पालकांपैकी अकरा जणांनी सापडल्याचं कळवलं, त्यात बारीक केस कापलेले दोन मुलगेही होते. कोणी कळवलं नसेल तेही असतीलच. एका गृहस्थांनी मात्र फोन करून ऐकवलं की आमच्या घरात असलं काही नसतं, चिठ्ठी आम्हाला पाठवायची नव्हती. फाटकापाशी मी ज्यांच्याशी बोलले होते त्या दोघींपैकी एकीने मला त्यानंतर ओळख दाखवली नाही. दुसरीने माझ्याकडून फणी नेली.

तेराव्या दिवशी माझ्या लेकीच्या डोक्यातून काही निघालं नाही. तिच्या मैत्रिणीच्या धाकट्या भावाच्या डोक्यात एक सापडली, म्हणून त्या तिघांचे दिवस आम्ही पुन्हा एकपासून मोजले.

सतरावा दिवस त्या माउलीच्या सुट्टीचा होता. मी लेकीला घेऊन त्यांच्या घरी गेले. दारात खुर्ची टाकली होती, उजेडात. लेकीचं डोकं त्यांनी तपासलं, सावकाश, चारही भाग. काही नव्हतं. मुली आत पळाल्या. मी फणी पुसून पिशवीत ठेवणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही बसा आता. तुमचं कोण बघतं?"

कोणीच बघितलं नव्हतं. पंधरा-सतरा दिवस मी लेकीला कुशीत घेऊन झोपत होते, चार मुलांच्या डोक्यांवर वाकत होते, घरातल्या मोठ्यांची डोकीही बघा असं चिठ्ठीत मीच लिहवून घेतलं होतं. मी अंबाडा सोडला आणि खुर्चीत बसले. लहान असताना आई अशीच मागे बसायची आणि फणी टाळूवरून फिरायला लागली की मला झोप यायची. त्यांचा हात तसाच हलका होता. डाव्या कानामागे त्या थांबल्या, एक केस वेगळा केला आणि उजेडात धरला.

"आहे एक," त्या म्हणाल्या, आणि बोटाने अंतर मोजलं. "पण लांब आहे. दोन सेंटिमीटर असेल. रिकामी आहे, जुनी."